काळा पडदा आणि जुनी चिठ्ठी

सदर : यंत्रांशी गट्टी



दिवाळी झाली की झाडीपट्टीत मंडईचे दिवस सुरू होतात. झाडीपट्टी म्हणजे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली हा धानाचा आणि जंगलाचा मुलूख. गावोगावी मंडई भरते. दिवसा दुकानं, पाळणे, दंडार आणि रात्री नाटक! नाटक तरी कसं? रात्री सुरू झालेलं ते पहाटेच संपायचं. वडसा गावात तर नाटक मंडळ्यांची कार्यालयंच आहेत.

आता तुम्ही म्हणाल, हे सदर यंत्रांचं आणि मामा नाटकाचं काय सांगत बसले? थांबा जरा. आजची गोष्ट एका पडद्याचीच आहे. पण तो पडदा नाटकाचा नाही, संगणकाचा!

भाऊबीजेला मी ताईकडे चामोर्शीला गेलो होतो. चामोर्शी गडचिरोली जिल्ह्यात आहे. वैनगंगेच्या काठची मार्कंड्याची कोरीव देवळं याच तालुक्यातली. एसटीतून उतरून घरी पोचतो न पोचतो तोच भाची धावत आली. ती नववीत आहे.

"मामाजी, बरं झालं तुम्ही आले! कॉम्प्युटर सुरूच नाही होऊन राहिला!"

तिच्या मागून तिचा धाकटा भाऊ आला. त्याला घरात सगळे लहान्या म्हणतात. कुणी काही विचारायच्या आधीच तो म्हणाला, "मी काहीच नाही केलो जी!"

मी मनात म्हटलं, म्हणजे यानं नक्कीच काहीतरी केलंय.

आबाजींचं नाटक

प्रकरण साधं नव्हतं. मुलांच्या आबाजींनी तरुणपणी एक नाटक लिहिलं होतं, दोनशे पानी वहीत, शाईच्या पेनानं. ती वही वाळवीनं पोखरली. मधली काही पानं तर हातात घेतली की भुगाच व्हायची. म्हणून उन्हाळ्याच्या सुटीत भाचीनं आबाजींना शेजारी बसवून ते सगळं नाटक संगणकावर टाइप करून काढलं. जिथं पान खाल्लेलं होतं, तिथं आबाजींनी आठवून आठवून सांगितलं. दोन महिने लागले.

आता शेजारच्या गावातली मंडळी मंडईत तेच नाटक बसवणार होती. दोन दिवसांनी ते छापील प्रती न्यायला येणार होते. आणि नाटक होतं कुठं? फक्त त्या संगणकात. दुसरी प्रत काढलेलीच नव्हती!

"दुकानातल्या दादाला विचारलं," भाची सांगू लागली, "तो म्हणाला, फॉर्मॅट मारावं लागेल. तसं केलं तर नाटक राहते का जी?"

फॉर्मॅट म्हणजे काय, हे एका वाक्यात सांगतो. भरलेला फळा पुसायचा आणि नव्यानं लिहायला घ्यायचं. फळ्यावरचं जुनं परत मिळवणं फार अवघड, पुष्कळदा अशक्यच. म्हणून मी सांगितलं, "फॉर्मॅट हा शेवटचा उपाय. आधी त्या संगणकाला विचारू तरी, बाबा रे, तुला झालंय काय?"

आबाजी ओसरीवर बसले होते. ते काही बोलले नाहीत. पण सारखे आमच्याकडे बघत होते.

मेला की नुसता गप्प आहे?

मी बटण दाबलं. पंखा घरघरला. पडद्यावर कंपनीचं चिन्ह आलं. मग पांढऱ्या अक्षरांच्या ओळी भराभर वर सरकल्या. आणि मग... सगळं काळं! डाव्या कोपऱ्यात एक छोटी रेघ तेवढी लुकलुकत राहिली.

"पाहा, मेला की नाही?" लहान्या म्हणाला.

तुम्हीच सांगा दोस्तहो, मेला का? जरा विचार करा. पडद्यावर अक्षरं दिसली, म्हणजे वीज आहे. पडदा चांगला आहे. पडद्याची वायर चांगली आहे. मेमरी चांगली आहे, कारण ती बिघडली तर संगणक सहसा इथवर पोचतच नाही. अक्षरांच्या ओळी सरकल्या, म्हणजे डिस्क वाचली जातेय.

संगणक सुरू होतो तो जिन्यासारखा, पायरी पायरीनं. पहिल्या पायरीवर मदरबोर्डवरच्या चिपमधला छोटा प्रोग्रॅम जागा होतो. कोणकोणते भाग जोडलेले आहेत, याची तो हजेरी घेतो. दुसऱ्या पायरीवर तो डिस्कवरून मुख्य प्रणालीचा गाभा उचलतो. तिसऱ्या पायरीवर हा गाभा पुन्हा एकदा प्रत्येक भागाला हाक मारतो आणि ज्याच्या त्याच्यासाठी ड्रायव्हर नेमतो. ड्रायव्हर म्हणजे गाडीचा नव्हे हं! त्या भागाची भाषा जाणणारा दुभाष्याच म्हणा ना. आणि अगदी शेवटच्या पायरीवर चित्रांचा पडदा उघडतो, म्हणजे खिडक्या, बाण, रंग, सगळं काही.

आमचा संगणक तीन पायऱ्या चढला होता. अडला होता फक्त शेवटच्या पायरीवर.

या संगणकावर लिनक्स ही प्रणाली होती. लिनक्समध्ये एक छान सोय असते. चित्रांचा पडदा उघडला नाही, तरी मागच्या दारानं आत जाता येतं. मी भाचीला म्हटलं, "कंट्रोल आणि अल्ट ही दोन बटणं दाबून धर आणि वरच्या ओळीतलं एफ-३ दाब."

तिनं दाबलं. आणि काळ्या पडद्यावर अक्षरं उमटली. संगणक नाव विचारत होता! तिनं नाव टाइप केलं, मग परवलीचा शब्द. परवलीचा शब्द टाइप करताना पडद्यावर काहीच दिसत नाही, साधी चांदणीसुद्धा नाही. घाबरायचं नाही. तशीच पद्धत आहे. कुणी खांद्यावरून डोकावलं तर शब्द किती अक्षरांचा आहे, तेही कळू नये म्हणून!

"आला, आला!" ती ओरडली. संगणक मेला नव्हता. नुसता गप्प होता.

आधी नाटक, मग दुरुस्ती

दुरुस्तीचा पहिला नियम पाठ करून ठेवा. यंत्र दुरुस्त करण्याआधी आपलं काम सुरक्षित ठेवायचं. आग लागली तर आधी माणसं बाहेर काढतात, मग आग विझवतात. तसंच हे.

आम्ही फायलींची यादी मागवली. यादी आली आणि भाचीचा चेहराच उतरला. नाटकाच्या फायलीचं नाव तिनं मराठीत दिलं होतं आणि त्या जागी नुसते चौकोन दिसत होते!

"अक्षरं गेली का जी सगळी?"

नाही हो! हे समजून घेण्यासारखं आहे. संगणकाच्या डिस्कवर 'क' हे अक्षर चित्र म्हणून ठेवलेलं नसतं. तिथं असतो एक ठरलेला आकडा. त्या आकड्याचं चित्र काढायचं काम चित्रांच्या पडद्याचं. अक्षरांच्या या साध्या पडद्याजवळ देवनागरीचे साचेच नसतात. मग तो काय करणार? चौकोन काढून मोकळा होतो. आकडे जिथल्या तिथं शाबूत असतात.

देवनागरी पडद्यावर दिसणं ही एके काळी किती मोठी गोष्ट होती, ठाऊक आहे? १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही संस्था स्थापन झाली. तिच्या कामांपैकी एक गाजलेलं काम म्हणजे जिस्ट कार्ड. या तंत्राची सुरुवात कानपूरच्या आयआयटीत झाली होती. डॉसवर चालणाऱ्या त्या वेळच्या संगणकात हे वेगळं कार्ड बसवलं, की पडद्यावर मराठी, हिंदी आणि इतर भारतीय लिप्या उमटायच्या. म्हणजे मराठी अक्षर पाहायचं, तर संगणक उघडून त्यात एक जादा पाटी खोचावी लागे! आज तेच काम मोबाइलसुद्धा सहज करतो.

असो. आम्ही पेनड्राइव्ह खोचला. चित्रांचा पडदा नसताना तो आपोआप उघडत नाही. एक छोटी आज्ञा देऊन तो प्रणालीला जोडून घ्यावा लागतो. तो जोडला आणि फायलीचं नाव टाइप करायच्या भानगडीत न पडता आख्खा फोल्डरच त्यावर उतरवून घेतला. मग तो पेनड्राइव्ह भाऊजींच्या लॅपटॉपला लावून पाहिला. नाटक होतं! तिन्ही अंक, शेवटच्या पानापर्यंत!

भाची धावत ओसरीवर गेली. "आबाजी, नाटक हाय!" आबाजींनी चष्मा काढला आणि धोतराच्या टोकानं पुसत बसले.

आता फॉर्मॅट मारला असता तरी चाललं असतं. पण मग आपल्याला दुखणं कधी कळलंच नसतं. आणि जे दुखणं कळत नाही, ते पुन्हा येतं.

संगणकाची रोजनिशी

आता खरी शोधाशोध. मित्रांनो, संगणक एक गोष्ट फार इमानदारीनं करतो. तो रोजनिशी लिहितो! आपण काय काय करून पाहिलं, काय जमलं, काय फसलं, ओळीन् ओळ. या रोजनिशीला लॉग म्हणतात.

त्या संगणकावर चित्रांचा पडदा उघडायचं काम 'एक्स' नावाची यंत्रणा करत होती. हिचा जन्म १९८४ साली अमेरिकेत एमआयटी या संस्थेत झाला. नव्या लिनक्समध्ये हळूहळू तिची जागा 'वेलंड' नावाची दुसरी यंत्रणा घेत आहे. पण जुन्या संगणकांवर एक्स अजून इमानानं राबते. तिची रोजनिशी वाचायची खूण सोपी आहे. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला कंसात दोन अक्षरं किंवा दोन चिन्हं असतात.

दोन 'आय' असतील, तर ती नुसती माहिती. दोन 'डब्ल्यू' म्हणजे सावधानीचा इशारा. दोन 'ई' म्हणजे चूक, इथं गाडी अडली. दोन उणे चिन्हं असतील, तर ही गोष्ट एक्सनं स्वतः यंत्राला विचारून ठरवली. आणि दोन चांदण्या असतील, तर ही गोष्ट तिला कुणीतरी लिहून दिलेल्या चिठ्ठीतून कळली.

शेवटच्या दोन चिन्हांकडे नीट लक्ष द्या. आपलं रहस्य तिथंच आहे.

रोजनिशीची शेवटची ओळ दोन 'ई'ची होती. तिचा अर्थ, 'एकही पडदा सापडला नाही'.

"पडदा तर समोरच हाय! याला दिसत नाही काय?" लहान्या म्हणाला.

बरोबर शंका! म्हणून दुसरा नियम सांगतो. शेवटची चूक वाचून थांबायचं नाही. वर वर सरकत पहिली चूक शोधायची. शेवटची चूक म्हणजे पडलेल्या माणसाची आरोळी. ठेच कुठं लागली, ते आधीच्या ओळीत सापडतं. आम्ही वर गेलो. तिथं आणखी एक दोन 'ई'ची ओळ होती, 'एकही उपकरण आढळलं नाही'. आणि तिच्याही वर दोन चांदण्यांची ओळ होती. तिच्यात एका ग्राफिक्स कार्डाच्या ड्रायव्हरचं नाव होतं. ग्राफिक्स कार्ड म्हणजे पडद्यावरचं चित्र तयार करणारी पाटी. चिठ्ठीत तिचा पत्ताही दिला होता, १:०:०.

पत्ता म्हणजे काय?

संगणकातल्या प्रत्येक कार्डाला पत्ता असतो. आपला कसा, वॉर्ड क्रमांक, घर क्रमांक, खोली क्रमांक? तसाच. पहिला आकडा वॉर्डाचा, त्याला बस म्हणतात. दुसरा आकडा घराचा, म्हणजे उपकरणाचा. तिसरा खोलीचा, कारण एकाच कार्डावर दोन-तीन कामं चालू शकतात. चित्र एका खोलीत, आवाज दुसऱ्या खोलीत!

शिवाय प्रत्येक कार्डाच्या पोटात बनवणाऱ्या कंपनीचा एक क्रमांक कोरलेला असतो. एक गंमत सांगू? इंटेल कंपनीचा क्रमांक आहे ८०८६. आणि ८०८६ हेच इंटेलच्या १९७८ सालच्या प्रसिद्ध प्रोसेसरचं नाव. स्वतःच्या जुन्या आठवणीवरूनच कंपनीनं आपला क्रमांक घेतला!

आत्ता या क्षणी संगणकात कोणकोण हजर आहे, याची यादी लिनक्स एका आज्ञेत देतो. ती आज्ञा पाच अक्षरांची आहे, एल-एस-पी-सी-आय. आम्ही ती दिली. यादी आली. तिच्यात चित्र दाखवणारं उपकरण एकच होतं आणि त्याचा पत्ता होता ०:२:०.

चिठ्ठी म्हणते, १:०:० या घरी जा. हजेरीपट म्हणतो, त्या घरी कुणीच राहत नाही. मी दोन्ही मुलांकडे वळून विचारलं, "या पत्त्यावर आधी कोण राहत होतं?"

सगळे गप्प. मग लहान्या हळूच उठला आणि आत गेला. धानाच्या कोठीमागून त्यानं वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक वस्तू आणली. एक जुनं ग्राफिक्स कार्ड! त्याच्या पंख्यावर धुळीचा थर साचला होता.

"हे लय घरघर करे," तो म्हणाला. "मी काढून ठेवलो. मागं दुसरं भोक पण होतं वायरचं. म्हटलं, त्यात लावून देऊ. अक्षरं दिसली, मग बंद पडला. मले वाटलं, मीच बिघडवलो."

आता तुमचा काय अंदाज? लहान्यानं चूक केली का?

करायला हवं होतं ते विचारून. आणि वीज बंद करून, वायर काढून केलं का, तेही मी त्याला विचारलं. केलं होतं, शाबास! पण त्याचा विचार चुकीचा नव्हता बरं का! मदरबोर्डवर स्वतःची चित्र काढायची सोय होती. ती चालूही होती. म्हणून तर अक्षरं दिसत होती. कार्ड काढल्यावर एक्सनं जर स्वतः चौकशी केली असती, तर तिला ०:२:० या घरातला माणूस सहज भेटला असता आणि पडदा उघडला असता.

मग अडलं कुठं? संगणक जुना होता, घेतानाच वापरलेला घेतलेला. आधीच्या मालकानं केव्हातरी एक्ससाठी चिठ्ठी लिहून ठेवली होती, 'कार्ड या पत्त्यावर आहे, हाच ड्रायव्हर वापर.' तेव्हा ती खरी होती. कार्ड निघालं, पण चिठ्ठी तशीच राहिली. आणि एक्सचा स्वभाव असा, की माणसानं लिहून दिलेलं असेल तर ती आपल्या डोळ्यांपेक्षा चिठ्ठीवर विश्वास ठेवते! दोन चांदण्यांनी दोन उणे चिन्हांवर मात केली.

पुसू नका, नाव बदला

उपाय अगदी छोटा. पण तोही पद्धतशीर करायचा. ती चिठ्ठी आम्ही पुसली नाही. तिचं नाव बदललं, शेवटी 'जुनी' असं जोडलं. आता एक्सला ती सापडणार नाही आणि तिला स्वतः चौकशी करावी लागेल. आपला अंदाज चुकला, तर नाव पुन्हा पहिल्यासारखं केलं की झालं! हा तिसरा नियम. एका वेळी एकच बदल करायचा आणि तो परत फिरवता येईल असाच करायचा.

संगणक पुन्हा सुरू केला. चिन्ह आलं. अक्षरं सरकली. पडदा काळा झाला. आम्ही श्वास रोखून बसलो. एक... दोन... तीन... आणि निळा पडदा उघडला! मध्यभागी बाण. डाव्या बाजूला नाटकाचा फोल्डर आणि त्याखाली स्वच्छ मराठी नाव!

लहान्यानं टाळी वाजवली. मग हळूच विचारलं, "आता ते कार्ड परत लावायचं काय?" मी म्हटलं, "कशाला? पंखा घरघरत नाही, चित्र दिसतंय. ठेव जपून. कधी लागेल सांगता येत नाही."

असं भांडण होतं तरी का?

दोस्तहो, पूर्वी ही भांडणं रोजचीच होती. जुन्या संगणकात कार्डांना प्रोसेसरचं लक्ष वेधून घ्यायला हात वर करावा लागे, वर्गात तुम्ही करता तसाच. पण त्यासाठी ओळी होत्या फक्त १६, शून्यापासून पंधरापर्यंत. त्यातल्या कितीतरी घड्याळ, कळफलक, डिस्क यांनी आधीच अडवलेल्या असत. दोन कार्डांनी एकच ओळ धरली, की गोंधळ! आवाजाचं कार्ड बसवलं की प्रिंटर मुका व्हायचा. मग संगणक उघडून कार्डावरची बारीक टोपणं, ज्यांना जंपर म्हणतात, ती चिमट्यानं इकडची तिकडे करावी लागत.

पडद्याचंही तसंच. लिनक्सच्या सुरुवातीच्या काळात पडदा एका सेकंदात किती वेळा रंगवायचा, याचे आकडे हातानं चिठ्ठीत लिहावे लागत. त्या वेळचे जाडजूड काचेचे पडदे चुकीच्या आकड्यांनी बिघडूही शकत! नंतर कार्डं स्वतःची ओळख स्वतः सांगू लागली. पडदेही बोलू लागले. आजचा पडदा वायरीतून संगणकाला १२८ बाइटचं छोटं ओळखपत्र पाठवतो, 'मी अमुक कंपनीचा, माझी रुंदी इतकी, मला असं चित्र चालतं.' म्हणून आता चिठ्ठी लिहायची गरज सहसा पडत नाही. पण वायरीची एखादी पिन वाकली असली, तर ओळखपत्र पोचत नाही आणि चित्र भलतंच मोठं किंवा अंधूक दिसतं. तेव्हा आधी वायर तपासा!

भांडणाचा आणखी एक प्रकार आहे. एका कार्डावर दोन ड्रायव्हर हक्क सांगतात. उदाहरणार्थ, एनव्हिडिया कंपनीच्या कार्डांसाठी कंपनीचा स्वतःचा ड्रायव्हर आहे आणि स्वयंसेवकांनी सुरू केलेला 'नूवो' नावाचा मुक्त ड्रायव्हरही आहे. नूवो २०१० पासून लिनक्सच्या गाभ्यातच असतो. दोन्ही आपापल्या जागी चांगले. पण एका बंडीचे कासरे दोघांच्या हातात देऊन चालेल का? जो आधी पोचतो तो कार्ड धरतो आणि दुसरा दारात अडतो. म्हणून कंपनीचा ड्रायव्हर वापरायचा असेल, तर नूवोचं नाव 'याला बोलावू नका' अशा यादीत घालतात. कार्डाच्या यादीच्या आज्ञेला शेवटी उणे चिन्ह आणि 'के' हे अक्षर जोडलं, की कोणत्या कार्डाचे कासरे कुणाच्या हातात आहेत, तेही दिसतं.

तुमचा पडदा काळा झाला तर

१. घाबरून फॉर्मॅट करू नका. पंखा फिरतो का, चिन्ह येतं का, अक्षरं दिसतात का, हे पाहून कागदावर लिहा. गाडी कोणत्या पायरीवर अडली, ते कळेल.

२. पडद्याची वायर नीट बसली आहे का? संगणकाच्या मागे दोन जागा असतील, तर दुसऱ्या जागी लावून पाहा. आधी संगणक बंद करा.

३. कालपर्यंत चालू होतं ना? मग कालपासून काय बदललं, ते आठवा. नवं कार्ड, नवा ड्रायव्हर, नवा पडदा? घरातल्या लहान्यालाही विचारा. पण रागावू नका, नाहीतर तो सांगणार नाही!

४. लिनक्स असेल, तर कंट्रोल, अल्ट आणि एफ-३. काही केल्या आत जाता आलं नाही, तर सुरुवातीच्या यादीत 'नोमोडसेट' हा शब्द जोडून साध्या चित्रावर सुरू करता येतं. विंडोज १० किंवा ११ असेल, तर विंडोजचं बटण, कंट्रोल, शिफ्ट आणि 'बी' एकदम दाबा. ग्राफिक्सचा ड्रायव्हर पुन्हा सुरू होतो. तेवढ्यानं भागलं नाही, तर सेफ मोड आहेच. त्यात साधाच ड्रायव्हर वापरला जातो.

५. आत शिरलात, की आधी तुमच्या फायलींची प्रत काढा.

६. रोजनिशी वाचा. पहिली चूक शोधा. एका वेळी एकच बदल करा आणि तो वहीत लिहून ठेवा.

आणि हे अगदी महत्त्वाचं. डबा उघडायचा असेल, तर मोठ्या माणसाला शेजारी घ्या, वीज बंद करून वायर भिंतीतून काढा. कार्ड हातात धरण्याआधी डब्याच्या लोखंडी भागाला हात लावा, म्हणजे अंगातली स्थिर वीज निघून जाईल. वीजपुरवठ्याचा बंद डबा आणि जुना काचेचा पडदा कधीही उघडू नका. वायर काढल्यावरही त्यांच्यात वीज साठून राहते. आणि पावसाळ्यात ढग गडगडू लागले, की संगणकाची वायर भिंतीतून काढून ठेवायची.

लिनक्सच्या आज्ञा शिकायची हौस असेल, तर मुंबईच्या आयआयटीच्या 'स्पोकन ट्युटोरियल' या प्रकल्पाचे छोटे छोटे धडे मराठीतूनही मिळतात. एक धडा साधारण दहा मिनिटांचा. रोज एक पाहिला, तरी पुष्कळ झालं.

मग नाटकाचं काय झालं?

ठरलेल्या दिवशी मंडळी आली आणि छापील प्रती घेऊन गेली. मंडईच्या रात्री आम्ही सगळे बंडीत बसून त्या गावी गेलो. आबाजी पहिल्या रांगेत, सतरंजीवर. दुसऱ्या अंकात एक नट वाक्य विसरला, तर आबाजींनीच खालून मोठ्यानं सांगितलं! लोक हसले, टाळ्या पडल्या आणि नाटक पुढं सरकलं. लहान्या मात्र तिसऱ्या अंकात माझ्या मांडीवर झोपून गेला.

आता त्या नाटकाच्या तीन प्रती आहेत. एक संगणकात, एक पेनड्राइव्हवर आणि एक कागदावर, वाळवी पोचणार नाही अशा पत्र्याच्या पेटीत. तुमच्या घरातही आजी-आजोबांची एखादी वही असेल. ती टाइप केली असेल, तर आजच दुसरी प्रत काढा. काळा पडदा दिसायची वाट पाहू नका.

जाता जाता एक कोडं

कार्डांची यादी जे आकडे दाखवते, ते सोळाच्या पद्धतीचे असतात. त्यात नवानंतर 'ए' म्हणजे १०, 'बी' म्हणजे ११, असं 'एफ' म्हणजे १५ पर्यंत जातं. आणि डावीकडचा अंक सोळानं गुणायचा. म्हणजे '१ए' हा आकडा १६ आणि १० मिळून २६ झाला. पण चिठ्ठीत पत्ता लिहायचा तो आपल्या नेहमीच्या दहाच्या पद्धतीनं. हे विसरून कितीतरी मोठ्या माणसांचे पडदे काळे राहिले आहेत!

तर सांगा पाहू, यादीत एका कार्डाचा वॉर्ड क्रमांक '२बी' दिसतो. चिठ्ठीत काय लिहाल?

उत्तर पुढच्या अंकात. तोवर संगणक गप्प बसला, तर त्याला हाक मारून पाहा!

तुमचा,
यंत्रमामा